सार्वजनिक इमारतींची दारे : रचना, बसवणूक आणि सुटकेचा मार्ग

रुग्णालय, शाळा, चित्रपटगृह, कार्यालयांची उंच इमारत, हॉटेल, गोदाम अशा ज्या वास्तूंत परस्परांना अनोळखी असलेल्या माणसांची मोठ्या संख्येने ये-जा असते, त्यांच्यासाठी घडवल्या जाणाऱ्या दारांना बांधकाम व्यवसायात ‘कमर्शियल डोअर’ म्हणतात. घरातल्या दारापेक्षा ही दारे निराळी ठरतात ती मुख्यतः त्यांच्यावर पडणाऱ्या कामाच्या भारामुळे. घराचे दार दिवसातून वीस-पंचवीस वेळा उघडत असेल, तर मोठ्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाचे दार दिवसाला हजार वेळाही उघडू शकते. दार आपोआप मिटवणाऱ्या यंत्रासाठी, म्हणजे डोअर क्लोजरसाठी, असलेल्या ईएन 1154 या युरोपीय मानकात 5 लाख वेळा उघडमीट करून चाचणी घेतली जाते. हा आकडा ऐकताना प्रचंड वाटला, तरी दिवसाला हजार वेळा उघडणारे दार तो दीड वर्षाच्या आतच गाठते. घरगुती वापरासाठी बनवलेली बिजागरी किंवा कुलूप अशा जागी बसवले, तर काही महिन्यांत झडप खाली उतरते, जमिनीला घासू लागते, कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेशी जुळेनाशी होते आणि मग ते दार एक तर बंद होत नाही किंवा उघडत नाही.

दार ही एक वस्तू आहे असे समजून तिची खरेदी केली जाते, पण प्रत्यक्षात ती अनेक भागांची एकत्र चालणारी रचना असते. भिंतीत घट्ट बसवलेली चौकट, तिच्यात फिरणारी झडप (जिला कारागीर शटर म्हणतात), झडपेचा भार पेलणाऱ्या बिजागऱ्या, ती मिटवणारा क्लोजर, ती धरून ठेवणारे कुलूप आणि फटी बुजवणाऱ्या पट्ट्या या साऱ्यांचा एकमेकांवर परिणाम होतो. 80 किलो वजनाची आणि 1 मीटर रुंदीची झडप घेतली, आणि तिची सर्वांत वरची व सर्वांत खालची बिजागरी एकमेकींपासून 1.7 मीटर अंतरावर आहेत असे धरले, तर झडपेचे वजन खाली लोंबत असल्यामुळे वरच्या बिजागरीवर सुमारे 24 किलो भाराइतकी आडवी ओढ सतत पडत राहते, आणि दार रुंद होत जाईल तसतशी ही ओढ वाढते. म्हणूनच वजनदार दारांना किमान तीन बिजागऱ्या, आणि त्याही छर्रे असलेल्या, म्हणजे बॉल-बेअरिंगच्या, वापरल्या जातात. आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू चौकटीत किती खोल व कशात रुतले आहेत याला इतर कुठल्याही स्क्रूपेक्षा अधिक महत्त्व असते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर यात खाऱ्या हवेची भर पडते. तेथे 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवरही काही काळाने तांबूस डाग चढतात, त्यामुळे समुद्रासमोरच्या इमारतींत मॉलिब्डेनम मिसळलेले 316 प्रतीचे स्टील निवडणे शहाणपणाचे ठरते, जरी खरेदीच्या वेळी त्याची किंमत खटकली तरी.

बाहेरच्याला अडवणे आणि आतल्याला सोडणे या दोन परस्परविरोधी अपेक्षा सार्वजनिक दाराकडून एकाच वेळी केल्या जातात, आणि या क्षेत्रातील बहुतेक महत्त्वाचे शोध या विरोधातून निघाले आहेत. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या दारांत पहिली अपेक्षा सर्वस्वी प्रबळ होती. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तीची धडक रोखण्यासाठी बसवलेले अणकुचीदार खिळे आजही दिसतात, आणि अशा दरवाजांच्या मोठ्या झडपेत ठेवलेल्या लहान दिंडीतून माणसाला वाकूनच आत शिरावे लागत असे. मोठी झडप न उघडता ये-जा चालू ठेवण्याची ही युक्ती आजच्या गोदामांच्या प्रचंड दारांतही वापरली जाते. मात्र शेकडो माणसे एका छताखाली करमणुकीसाठी किंवा कामासाठी जमू लागली, तेव्हा दुसऱ्या अपेक्षेकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत कळू लागली.

16 जून 1883 रोजी इंग्लंडमधील संडरलंड येथील व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी खेळ होता. खेळ संपताना रंगमंचावरून खेळणी वाटली जाऊ लागली, तेव्हा वरच्या गॅलरीत बसलेली मुले आपल्यालाही काही मिळावे म्हणून जिन्यावरून खाली धावली. जिन्याच्या तळाशी असलेले दार मुलांच्या बाजूने, म्हणजे आत उघडणारे होते, आणि ते एका वेळी एकच मूल जाऊ शकेल इतकेच उघडे ठेवून बोल्टने पक्के केलेले होते. पुढची मुले दारापाशी अडकली, मागची त्यांच्यावर कोसळत राहिली आणि 183 मुले गुदमरून मेली. तेथे आग लागलेली नव्हती, धूर नव्हता. केवळ एका दाराची दिशा आणि एका बोल्टची जागा एवढ्या मृत्यूंना पुरेशी ठरली. या घटनेनंतर रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी, बाहेरून बंद पण आतून रेटताच उघडेल असा बोल्ट तयार केला आणि 1892 मध्ये त्याचे पेटंट मिळवले.

शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला 30 डिसेंबर 1903 रोजी लागलेल्या आगीत किमान 600 माणसे मरण पावली. ती इमारत अगदी नवी होती आणि आगीपासून पूर्ण सुरक्षित म्हणून तिची जाहिरात झालेली होती. पण तिची काही दारे आत उघडणारी होती, तर काही दारांवर प्रेक्षकांना अपरिचित असलेल्या पद्धतीच्या कड्या होत्या, ज्या अंधारात आणि धुरात बहुतेकांना उलगडल्या नाहीत. इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीत काम करणारा कार्ल प्रिन्झलर हा त्या खेळाला जाणार होता, परंतु कामामुळे त्याला जाता आले नाही. पुढे त्याने हेन्री ड्यूपाँट यांच्या साह्याने दाराच्या आतल्या बाजूला आडवी दांडी असलेली रचना विकसित केली आणि 1908 पासून ती ‘व्हॉन ड्युप्रिन’ या नावाने विकली जाऊ लागली. व्हॉनेगट, ड्यूपाँट आणि प्रिन्झलर या तीन आडनावांचे तुकडे जोडून बनवलेले हे नाव आजही बाजारात आहे, आणि ज्या कुटुंबाची ती कंपनी होती त्याच कुटुंबात पुढे कर्ट व्हॉनेगट हा कादंबरीकार जन्मला.

या आडव्या दांडीला पॅनिक बार म्हणतात. तिचे मोठेपण तिच्यात काय नाही यावरून कळते : तिला किल्ली नाही, फिरवण्याची मूठ नाही, वर-खाली करण्याची कडी नाही. कमरेच्या उंचीवर जवळजवळ पूर्ण दाराभर पसरलेल्या या दांडीवर शरीराचा कुठलाही भाग दाबला गेला की ती आत जाते, तिच्याशी जोडलेली जीभ चौकटीतून मागे सरकते आणि दार बाहेर उघडते. गर्दीत पुढच्या माणसाला हात हलवायलाही जागा उरत नाही, दारापासून एक पाऊल मागे सरून ते आपल्याकडे ओढणे तर अशक्यच असते, कारण मागून येणारा रेटा त्याला दारावर चिकटवून ठेवतो. पॅनिक बार याच रेट्याला दार उघडणारे बळ बनवतो. दाराची दिशा बाहेरची असणे आणि उघडण्याची क्रिया शिकवावी न लागणे हे दोन नियम त्यानंतर जगभरच्या इमारत संहितांत आले. युरोपीय मानकांत तर अनोळखी जनतेसाठीची दारे (ईएन 1125) आणि जेथील माणसांना इमारत व तिची दारे माहीत आहेत अशा कार्यालयांची दारे (ईएन 179) यांसाठी साधने वेगवेगळी ठरवलेली आहेत. दुसऱ्या प्रकारात साधी मूठ किंवा दाबायची पट्टी चालते, पहिल्यात आडवी दांडीच लागते.

फिरत्या दाराची कथाही अशीच आहे. थिओफिलस व्हॅन कॅनेल यांनी 1888 मध्ये पेटंट घेतलेल्या या दारामुळे उंच इमारतींत आत-बाहेरच्या हवेच्या दाबातील फरकाने होणारा त्रास टळला. पण 28 नोव्हेंबर 1942 रोजी बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला आग लागली, तेव्हा मुख्य प्रवेशाचे फिरते दार दोन्ही बाजूंनी रेटले गेल्याने जागच्या जागी अडकले आणि इतर काही दारे कुलूपबंद किंवा आत उघडणारी निघाली. 492 माणसे मरण पावली. फिरत्या दाराच्या शेजारी बाहेर उघडणारी साधी दारे असलीच पाहिजेत, हा आज हॉटेलांत आणि मॉलमध्ये सर्वत्र दिसणारा दंडक त्या रात्रीपासूनचा आहे.

भारतात या प्रश्नाची सर्वांत वेदनादायक खूण म्हणजे 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात लागलेली आग. तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरपासून सुरू झालेल्या या आगीत 59 माणसे दगावली, आणि त्यांचा जीव मुख्यतः धुराने घेतला. बाल्कनीत जादा आसने बसवल्यामुळे उजवीकडचा मार्ग आणि त्या बाजूचे दार बंद झालेले होते. न्यायालयांत पुढे वर्षानुवर्षे चाललेल्या प्रकरणात या बंद मार्गाला मध्यवर्ती स्थान मिळाले.

आज भारतात इमारतींच्या सुरक्षिततेचा आधार असलेल्या 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आग व जीवसुरक्षेला वाहिलेला आहे. बाहेर पडण्याच्या दाराची रुंदी किमान 1000 मिलिमीटर आणि सभागृह किंवा चित्रपटगृहासारख्या जमावाच्या इमारतींत किमान 2000 मिलिमीटर असावी, दाराची उंची 2000 मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, दार खोलीपासून दूर, म्हणजे बाहेर उघडावे, आणि ज्या बाजूने माणसे सुटका करून घेणार त्या बाजूने ते किल्लीशिवाय उघडता यावे, अशा त्यात अटी आहेत. यातली शेवटची अट वाचायला सोपी आहे, तरी रोजच्या व्यवहारात सर्वाधिक मोडली जाते ती हीच. चोरीच्या भीतीने गच्चीच्या दाराला आणि मागच्या जिन्याच्या दाराला साखळी-कुलूप लावून किल्ली पहारेकऱ्याकडे ठेवण्याची पद्धत शहरोशहरी आहे. ही भीती खोटी नाही, आणि म्हणूनच तिच्यावर उपायही आहे : बाहेरून मूठ नसलेले, आतून पॅनिक बारने उघडणारे आणि उघडताच गजर करणारे दार चोरालाही अडवते आणि माणसालाही सोडते. असे दार साखळी-कुलपापेक्षा महाग पडते, आणि बहुतेक ठिकाणी निर्णय तेथेच अडतो.

आग रोखणारे दार, म्हणजे फायर डोअर, ही या व्यवसायातली सर्वांत गुंतागुंतीची आणि सर्वांत अधिक गैरसमज असलेली वस्तू होय. ते पोलादी असते म्हणून जळत नाही, एवढीच सामान्य समजूत असते. भारतात प्रचलित असलेल्या प्रकारात साधारण 46 मिलिमीटर जाडीची झडप असते, जिच्या दोन्ही बाजूंना जस्तलेपित पत्रा आणि पोटात मधाच्या पोळ्यासारख्या घरांचा कागदी गाभा किंवा खनिज लोकर भरलेली असते. शिवाय लाकडी आणि काचेची फायर डोअरही असतात आणि ती नीट बनवली तर तितकीच विश्वसनीय ठरतात. दाराची परीक्षा भट्टीत होते. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत चौकट, झडप, बिजागऱ्या, कुलूप यांसह पूर्ण दार भट्टीच्या तोंडावर बसवले जाते आणि ठरलेल्या आलेखानुसार तापमान वाढवत नेले जाते, जे 30 मिनिटांनी सुमारे 840, तासाभराने सुमारे 945 आणि दोन तासांनी सुमारे 1050 अंश सेल्सियस होते. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते हे लक्षात घेतले, म्हणजे शोभेच्या अॅल्युमिनियम बिजागऱ्या अशा दाराला का चालत नाहीत हे निराळे सांगावे लागत नाही.

या चाचणीत दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात, आणि खरेदीदाराने त्यांतला भेद ओळखणे फार गरजेचे आहे. दाराला भेग पडून ज्वाळा किंवा तप्त वायू पलीकडे आले नाहीत तर त्याची अखंडता टिकली असे मानतात. आणि पलीकडच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी 140 अंशांपेक्षा, व कुठल्याही एका ठिकाणी 180 अंशांपेक्षा अधिक वाढले नाही, तर त्याची उष्णतारोधकता टिकली असे मानतात. एखादे दार पहिल्या कसोटीवर 120 मिनिटे टिकते पण दुसऱ्या कसोटीत काही मिनिटांतच नापास होते. अशा दारापलीकडे ज्वाळा येणार नाहीत, पण तापलेल्या पत्र्याजवळून रुग्णाची खाट नेणेही शक्य होणार नाही. केवळ ‘दोन तासांचे फायर डोअर’ असे लिहिलेल्या देयकावरून यातले काहीच समजत नाही.

चाचणीत उत्तीर्ण झालेले असते ते पूर्ण जोडकाम, झडप एकटी कधीच नसते. प्रमाणपत्रातल्या कुलपाऐवजी दुसरे बसवले, झडपेत नंतर काचेची खिडकी कापली किंवा कडा रंध्याने तासल्या, की ते प्रमाणपत्र त्या दारापुरते निरर्थक होते. पावसाळ्यात लाकडी झडप फुगून अडकू लागली की सुतार कडेचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर थर काढून टाकतो, आणि साध्या दाराच्या बाबतीत तो योग्यच करतो. फायर डोअरच्या कडेत मात्र बहुतेकदा उष्णतेने फुगणारी पट्टी बसवलेली असते. साधारण 200 अंशांच्या आसपास ही पट्टी अनेक पटींनी फुगते आणि झडप व चौकट यांच्यामधली फट बुजवून टाकते. ती फट बाजूंनी आणि वरून साधारण 3 मिलिमीटर असावी अशा अपेक्षेने पट्टीची जाडी ठरवलेली असते. फट 8 मिलिमीटर झाली तर पट्टी फुगूनही ती भरत नाही.

फुगणारी पट्टी धूर थांबवत नाही, ही गोष्ट अनेक अभियंत्यांच्याही लक्षातून निसटते. आगीच्या पहिल्या काही मिनिटांत, जेव्हा खरी जीवितहानी होते, धूर तुलनेने थंड असतो आणि पट्टी अजून फुगलेली नसते. त्यामुळे धूर अडवण्यासाठी केसाळ किंवा रबरी पट्टी वेगळी लागते आणि दाराच्या तळाशी, झडप मिटताच आपोआप खाली उतरणारी पट्टी लागते. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 रोजी तळघरात पेटलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांवर पसरला आणि सुमारे 90 माणसे मरण पावली, ज्यांतील बहुसंख्य अंथरुणाला खिळलेले रुग्ण होते. रुग्णालयात सर्वांना खाली उतरवणे शक्यच नसते. रुग्णाला त्याच मजल्यावर एका विभागातून दुसऱ्या विभागात नेणे हाच तेथील सुटकेचा मार्ग असतो, आणि तो मार्ग अस्तित्वात आहे की नाही हे दोन विभागांमधल्या दारावर ठरते.

डोअर क्लोजरचे काम ज्याला ठाऊक नसते, त्याला तो दार आदळू नये म्हणून बसवलेला डबा वाटतो. त्याच्या पोटात स्प्रिंग आणि तेलात सरकणारा दट्ट्या असतो. दार उघडताना माणसाच्या हाताचे बळ स्प्रिंगमध्ये साठते आणि सोडल्यावर तीच स्प्रिंग दार मिटवते, तर तेल लहान छिद्रांतून हळूहळू वाहत असल्यामुळे मिटण्याचा वेग काबूत राहतो. डब्यावरच्या एका स्क्रूने एकंदर वेग आणि दुसऱ्या स्क्रूने शेवटच्या काही अंशांतला वेग ठरतो. हा दुसरा वेग किंचित अधिक ठेवावा लागतो, कारण जीभ खाचेत बसण्यासाठी झडपेला शेवटी थोडा जोर हवा असतो. क्लोजर 1 ते 7 अशा शक्तिक्रमांकांत मिळतात. 3 क्रमांक साधारण 950 मिलिमीटर रुंद व 60 किलोच्या, तर 4 क्रमांक 1100 मिलिमीटर रुंद व 80 किलोच्या दारासाठी असतो, आणि फायर डोअरला 3 पेक्षा कमी शक्तीचा क्लोजर चालत नाही. मात्र शक्ती वाढवत नेणे हाही उपाय नव्हे. उंच इमारतींच्या जिन्यात धूर शिरू नये म्हणून पंख्यांनी हवेचा साधारण 50 पास्कल जादा दाब राखला जातो. 1 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच दारावर याचा एकूण भार सुमारे 10 किलो होतो, म्हणजे मुठीपाशी केवळ या दाबाविरुद्ध सुमारे 5 किलोचे बळ लावावे लागते, आणि त्यात क्लोजरच्या स्प्रिंगचे बळ मिसळते. वृद्ध माणसाला किंवा लहान मुलाला असे दार उघडते का, हा हिशेब पंखे बसवणारा आणि दार बसवणारा यांनी एकत्र बसून करायला हवा. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी दार उघडल्यावर किमान 900 मिलिमीटर मोकळी वाट लागते, आणि गोल मुठीऐवजी खाली दाबायची मूठ लागते, कारण बोटे अधू असलेल्यालाही ती कोपराने दाबता येते.

या हिशेबांचे कागदावरचे रूप म्हणजे दारांची अनुसूची. तीनशे खोल्यांच्या हॉटेलात हजाराच्या आसपास दारे असू शकतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाला नकाशावर क्रमांक देऊन त्यापुढे माप, भिंतीची जाडी, आगीविरुद्धची मिनिटे, उघडण्याची बाजू आणि हार्डवेअरचा संच लिहिला जातो. उघडण्याची बाजू लिहिताना सर्वाधिक चुका होतात. बिजागरी उजवीकडे की डावीकडे हे दाराच्या कुठल्या अंगाला उभे राहून पाहायचे याविषयी देशोदेशी, आणि कधी कधी एकाच शहरातल्या दोन कारखान्यांत, वेगळे संकेत असतात. त्यामुळे जाणकार पुरवठादार शब्दांवर न विसंबता प्रत्येक दाराची कमान आखलेले रेखाचित्र मान्य करून घेतो. लाकडी दाराची चुकलेली बाजू सुतार कशीबशी दुरुस्त करू शकतो, पण पोलादी दारात बिजागरीच्या आणि कुलपाच्या जागा कारखान्यातच कापून आतून जाड पत्र्याने मजबूत केलेल्या असतात, त्यामुळे चुकीच्या बाजूचे पोलादी दार परत पाठवण्यावाचून गत्यंतर नसते.

मोजमाप कधी घ्यायचे हाही वादाचा विषय आहे. दार तयार व्हायला आठवडे लागतात म्हणून ठेकेदार लवकर मापे मागतो, तर त्या वेळी फरशी बसलेली नसते, गिलावा झालेला नसतो आणि जमीन नेमकी किती वर येणार हे कोणीच खात्रीने सांगत नाही. फरशी 20 मिलिमीटर अधिक चढली की झडप खाली कापावी लागते, कमी चढली की तळाशी बोटभर फट राहते, आणि फायर डोअरच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घातक आहेत. यावर खात्रीचा उपाय एकच : प्रत्येक मजल्यावर अंतिम जमिनीपासून 1 मीटर उंचीची रेषा सर्व भिंतींवर आधीच आखून ठेवणे आणि चौकट त्या रेषेवरून बसवणे.

चौकट बसवण्यातच दाराचे पुढचे सारे आयुष्य ठरते, असे अनुभवी मिस्त्री सांगतात आणि ते अक्षरशः खरे आहे. ओळंब्याने दोन्ही उभ्या बाजू, पाणसळीने आडवी बाजू आणि गुण्याने कोपरे तपासल्यावरही एक तपासणी उरते : दोन्ही उभ्या बाजू एकाच प्रतलात आहेत की एकमेकींना पीळ देऊन उभ्या आहेत, हे पाहण्यासाठी कर्णांच्या रेषेत दोन दोरे ताणतात आणि ते मध्यभागी एकमेकांना केवळ स्पर्श करतात का ते बघतात. पीळ असलेल्या चौकटीत झडप वर टेकते आणि खाली उघडी राहते, आणि मग क्लोजरची शक्ती वाढवून, कुलपाची खाच कानशीने घासून, झडपेला ठोकून जे उपचार केले जातात त्यांनी मूळ दोष हलत नाही. भिंत आणि चौकट यांच्यामधली पोकळी सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरायची असते. ती तशीच ठेवून वरून पट्टी मारली तर चौकट दर उघडमिटीला हलते, स्क्रू सैल होतात, आणि आगीत धुराला तीच वाट मिळते. हे काम गिलाव्याखाली कायमचे झाकले जाते, म्हणून ते झाकण्यापूर्वीच कोणीतरी पाहून सही केली पाहिजे, आणि नेमके हेच पाहण्याची जबाबदारी पुष्कळ कामांत कोणाचीही नसते.

कारण एका दारावर चार-पाच ठेकेदारांचा हात फिरतो. भिंतीतली जागा बांधकाम ठेकेदाराची, चौकट व झडप एका कारखान्याची, कुलपे-बिजागऱ्या दुसऱ्या पुरवठादाराच्या, कार्ड दाखवून उघडणारे विद्युत-कुलूप सुरक्षा यंत्रणेच्या ठेकेदाराचे आणि रंग-सजावट आणखी कोणाची. विद्युत-कुलूपवाला शेवटी येतो आणि तारांसाठी फायर डोअरच्या चौकटीत भोके पाडतो. त्याने बसवलेले चुंबकीय कुलूप सुमारे 270 किंवा 540 किलोच्या ओढीलाही सुटत नाही, म्हणजे कोणाही माणसाच्या ताकदीपलीकडचे असते. वीज गेल्यावर ते आपोआप सुटते हे खरे, पण इमारतीला बॅटरीचा आधार असल्यामुळे आगीच्या वेळी वीज जाईलच असे नाही, म्हणून ते आगीच्या गजर-यंत्रणेशी जोडून गजर होताच सुटेल अशी व्यवस्था करावी लागते आणि दाराजवळ हाताने वीज तोडणारे बटणही ठेवावे लागते. ही जोडणी दार विकणाऱ्याच्याही यादीत नसते आणि गजर बसवणाऱ्याच्याही. दार, हार्डवेअर आणि विद्युत-कुलूप यांची जबाबदारी एकाच संस्थेकडे सोपवणे थोडे महाग पडले तरी ही पोकळी त्यानेच भरते.

काचेच्या बिनचौकटीच्या दारांविषयी थोडक्यात एवढेच की 12 मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला 30 किलो भरते, त्यामुळे 1 मीटर रुंद व 2.4 मीटर उंच झडप 72 किलोंची होते आणि तिचा भार जमिनीत पुरलेल्या फ्लोअर स्प्रिंगवर येतो; शिवाय कडक केलेली काच नंतर कापता वा भोकता येत नाही, म्हणून कुलपाची जागा आधीच अचूक ठरवावी लागते. कुलपांचा विषय मात्र मुंबईशी जवळून निगडित आहे. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये लालबागला कुलपे बनवण्यास सुरुवात केली आणि त्यातूनच पुढचा मोठा उद्योग उभा राहिला. आजच्या इमारतींत सर्वाधिक वापरात असलेले कुलूप लायनस येल यांनी 1860 च्या दशकात विकसित केलेल्या तत्त्वावर चालते, ज्यात वेगवेगळ्या लांबीच्या छोट्या खिळ्या किल्लीच्या दातांनी नेमक्या एका रेषेत आल्या तरच आतला दंडगोल फिरतो. खिळीचे दोन ऐवजी तीन तुकडे केले की ती दोन उंचींवर रेषेत येते, म्हणजे तेच कुलूप दोन निरनिराळ्या किल्ल्यांनी उघडते. हॉटेलात पाहुण्याची किल्ली एकच खोली उघडते आणि व्यवस्थापकाची सर्व खोल्या, ते यामुळेच. अर्थात मास्टर किल्ली हरवली तर सर्वच खोल्यांची कुलपे बदलावी लागतात, म्हणून तिची नोंदवही कुलपांइतकीच जपावी लागते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार याने दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून आगप्रतिबंधक व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन अधिकाऱ्यांना सादर करायचे असते. गृहनिर्माण संस्थांमध्ये ते ‘फॉर्म बी’ म्हणून ओळखले जाते. या तपासणीत पंप, पाण्याच्या टाक्या, नळ्या आणि अग्निशामक यांकडे स्वाभाविकपणे लक्ष जाते, कारण त्या तांबड्या रंगाच्या असतात आणि डोळ्यांत भरतात. जिन्याची दारे मात्र वीट, कुंडी किंवा लाकडी पाचर लावून उघडी ठेवलेली असतात, आणि तसे उघडे ठेवलेले फायर डोअर असून नसल्यासारखे असते. ती उघडी ठेवणाऱ्या माणसांना दोष देऊन भागणार नाही, कारण सामान घेऊन दिवसातून चाळीस वेळा जड दार ढकलणाऱ्याला ती पाचर हीच सोय वाटते. ज्या दारातून इतकी ये-जा आहे, तेथे दार उघडे धरून ठेवणारे आणि गजर होताच सोडून देणारे विद्युतचुंबक बसवावेत. हे तंत्र साधे आहे आणि भारतात सहज मिळते.

दाराची तपासणी करण्यास यंत्रसामग्री लागत नाही, आणि ती कोणत्याही सोसायटीच्या चिटणीसाला किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाला करता येते. दार पूर्ण उघडून, मग अर्धे, आणि शेवटी जेमतेम वीतभर उघडून सोडावे. तिन्ही वेळा ते कोणी हात न लावता मिटले पाहिजे आणि जीभ खाचेत बसल्याचा आवाज आला पाहिजे. वीतभर उघडून सोडण्याची परीक्षा सर्वांत कठीण असते, कारण त्या वेळी झडपेला वेग घेण्यास जागाच मिळत नाही, आणि धूर व गजर यांच्यामध्ये माणसे एकामागून एक बाहेर पडत असताना दार बहुतेक वेळा तेवढेच उघडे राहिलेले असते. त्यानंतर बिजागऱ्यांचे सर्व स्क्रू जागेवर आहेत का, क्लोजरच्या डब्यातून तेल गळत आहे का, बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, पट्टीवर रंगाचे थर चढले आहेत का हे पाहावे. आतल्या बाजूने किल्ली, साखळी किंवा कडी काढावी न लागता एका हाताच्या एका क्रियेने दार उघडते का, ही तपासणी रात्री दिवे घालवून करावी, आणि ज्याने ते दार पूर्वी कधी पाहिलेले नाही अशा माणसाकडून करून घ्यावी.